ए पॉझिटिव्हच्या नसलेल्या पिशव्या

कालिंदाताईचा माझ्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

कुणावरच नव्हता म्हणा.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

अंबाजोगाईत आमचं वेबसाइट बनवायचं छोटंसं ऑफिस. सर, ताई आणि मी. ताई वडवणीकडची, वडील मेंढरं राखायचे. पोरगी कॉम्प्युटर शिकली, पण नजर मेंढपाळाचीच राहिली. लांबून कुत्रं दिसलं तरी आधी लांडगाच समजायचं.

मी कोड दाखवला की म्हणायची, "चालतंय म्हणतोस बालाजी. पण कुणी काय टाकल्यावर चालतंय?"

लई राग यायचा.

एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीचं पेज आमच्याकडे होतं. जुनं, जेएसपी नावाच्या तंत्रातलं. त्यात आपण स्वतःचा टॅग, म्हणजे ठरलेलं एक काम करणारा कोडचा तुकडा, बनवू शकतो. पेजवर नुसतं टॅगचं नाव लिहायचं आणि त्याला जी माहिती हवी ती सोबतच्या अ‍ॅट्रिब्यूटमधून द्यायची. आमच्या टॅगला एकच अ‍ॅट्रिब्यूट होता, रक्तगट. लोक लिंकवर क्लिक करायचे, गट टॅगकडे जायचा, टॅग शिल्लक पिशव्यांचा आकडा छापायचा.

टॅग ताईनेच लिहिलेला.

एका दुपारी एक माणूस रक्तपेढीत धावत आला. बहीण गावातच एका दवाखान्यात बाळंत झालेली, रक्तस्राव थांबेना. मोबाइलवर त्याने बघितलं होतं, ए पॉझिटिव्हच्या तीन पिशव्या.

काउंटरवरचे दत्ताभाऊ म्हणाले, "एकपण न्हाई."

"मोबाइलवर तीन हायत. कुणाला विकल्या बे?"

गर्दी जमली. कुणीतरी दत्ताभाऊंची कॉलर धरली.

बहीण वाचली. दिराच्या दोस्तांनी येऊन रक्त दिलं.

पण दत्ताभाऊंना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. हॉस्पिटलवालेही साठा आमच्याच पेजवर बघायचे. पेजवर तीन, फ्रिजमध्ये शून्य. मग त्या तीन गेल्या कुठं?

गावभर एकच चर्चा. म्हणे आधीपासूनच करत असणार. म्हणे पोराला नवी गाडी कशी घेतली?

सर म्हणाले, "आपलं पेज बरोबर आहे. त्यानंच हात मारला."

ताई खुर्चीतून उठली नाही. "पिशव्या गेल्या, हे सगळे म्हणतात. पण पिशव्या होत्या, हे कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं.

तिनं टॅगला जे काही मिळतंय ते जसंच्या तसं पेजवर छापायला लावलं. दोन्ही बाजूंनी उभ्या रेघा, म्हणजे काही लपून राहायला नको. ए पॉझिटिव्हवर, म्हणजे ए प्लसवर, क्लिक केलं.

रेघांच्या मध्ये ए होता. पुढे मोकळी जागा. प्लस गायब.

लिंकमध्ये प्लसचं चिन्ह तसंच ठेवलं की सर्व्हर त्याला मोकळी जागा समजतो. टॅगनं ती जागा कापून टाकली. उरला नुसता ए. मग त्यानं ए पासून सुरू होणारे सगळे गट एकत्र मोजले.

एबीपण ए पासूनच सुरू होतो.

त्या दिवशी ए ची एकही पिशवी नव्हती. एबीच्या तीन होत्या. ए च्या पेशंटला एबी चालत नाही. एरवी ए च्या पिशव्या असायच्याच, म्हणून आकडा फुगलेला कधी कुणाला कळलाच नाही.

ताईनं स्क्रीन सरांकडे वळवली.

सर म्हणाले, "दुरुस्त कर आणि गप बस. कुणाला कळणार न्हाई."

"सर, तो माणूस घरी बसलाय."

"टॅग तुझाय. नाव तुझंच जाईल."

"जाऊ द्या."

तिनं लिंक सुधारली. टॅगला बजावलं, आठ गटांपैकी तंतोतंत एक आला तरच आकडा दाखवायचा. नाहीतर "गट कळला नाही" म्हणायचं.

मग मला म्हणाली, "चल हॉस्पिटलला."

"मी कावून?"

"साक्षीदार पाहिजे. उद्या म्हणतील, ही आलीच नव्हती."

तिनं मोठ्या डॉक्टरांना सगळं दाखवलं. एक शब्द मऊ केला नाही. "चूक माझी हाय," एवढंच दोनदा म्हणाली.

तिथून दत्ताभाऊंच्या घरी. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"कुणी पाठवलं तुमाला?"

"कुणी न्हाई. पेज चुकलं होतं. ते मी बनवलं. आळ तुमच्यावर आला."

"मी कुठं सही करणार न्हाई."

"नका करू."

ते आमच्याकडे बघत राहिले. यात काय डाव आहे, हे शोधत असावेत. मग आवाज एकदम खाली आला.

"मॅडम, माझी बायकोपण विचारायली, खरं सांगा, विकल्या का?"

ताई पुढे झाली. चपला काढल्या, आत गेली. म्हणाली, "बोलवा त्यांना."

आणि त्या बाईसमोर फरशीवर बसून तिनं पहिल्यापासून सांगितलं. प्लस म्हणजे काय, तो कुठं हरवला, ए मध्ये एबी कसा मिसळला. बाईंनी मध्येच विचारलं, "म्हणजे पिशव्या नव्हत्याच?"

"नव्हत्याच."

बाईंनी तोंडाला पदर लावला. दत्ताभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दत्ताभाऊ पुन्हा काउंटरवर बसले. हॉस्पिटलचं काम आमच्या हातून गेलं. सरांनी ताईला काम देणं बंद केलं, मग ती स्वतःच निघाली आणि एका कॉलेजात शिकवायला लागली. मेंदूतल्या गाठीनं तिला फार वेळ दिला नाही.

ऑफिसात आता तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसतं. आमचं सगळ्यांचं एकमेकांशी छान जमतं. कुणी कुणाला उलट विचारत नाही.

भीती वाटते, ताई.

तुला मनापासून नमस्कार.