साबणरावांनी धुतलेली पूड

साबणराव हे नाव त्यांना वीज केंद्रातल्या लोकांनी ठेवलं, आणि उगाच नाही ठेवलं. प्रयोगशाळेतली एकूण एक बाटली हा माणूस दोनदा घासायचा. चहाचा कप रिकामा झाला रे झाला की नळाखाली. बायको म्हणायची, "माझं नशीब, मला अजून पिळून वाळत नाही घातलं!"

त्या केंद्रात दगडी कोळसा जळायचा. त्याच्या धुरात पारा असतो, डोळ्यांना दिसत नाही. चिमणीतून वर जातो, शेजारच्या तळ्यात उतरतो आणि माशांत मुरतो. प्रयोगशाळेच्या मॅडमनी त्यावर तोड काढली होती. खाऱ्या जमिनीतला पेंढा बंद भट्टीत कोंडून भाजायचा, त्याची काळी पूड करायची आणि धुराच्या वाटेत फवारायची. पारा पुडीला चिकटायचा, पूड गाळणीच्या पिशव्यांत अडकायची. छोट्या चाचणीत शंभरातले ऐंशी भाग पारा अडकला, तेव्हा मॅडम लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत ओरडल्या, "साबणराव, पेंढ्यानं बाजी मारली!"

आता मोठी चाचणी वरच्या साहेबांसमोर होती. ती पार पडली की चिमणीला कायमची यंत्रणा बसणार होती. आदल्या दिवशी साबणरावांनी पुडीचा डबा उघडला, तर वर पांढुरकी कणी धरलेली. शी! ही घाण साहेबांना दाखवायची? त्यांनी पूड तीन पाण्यांनी धुतली आणि उन्हात वाळवली. अहो, जीव ओतला बिचाऱ्यानं!

दुसऱ्या दिवशी पारा सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन निघून गेला. शंभरातले वीससुद्धा अडकले नाहीत. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "साबणराव, पुडीला काही केलंत का?"

"छे हो मॅडम, काही नाही केलं."

आणि खोटं नव्हते बोलत हो! धुणं म्हणजे काहीतरी करणं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. काम गुंडाळलं गेलं. मॅडमनी महिन्याभरात नोकरी सोडली. तळ्याकाठी 'इथले मासे खाऊ नयेत' अशी पाटी लागली, ती आजही आहे.

अठरा वर्षांनी, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लेकीला साबणराव आपल्या टापटिपीचा हा किस्सा रंगवून सांगत होते. लेक मध्येच थांबवून म्हणाली, "बाबा, ते पांढरं म्हणजे मीठ. त्यातलं क्लोरीनच तर पाऱ्याला धरून ठेवतं. तुम्ही ते धुऊन टाकलंत?"

त्या आठवड्यात साबणरावांना घास गोड लागला नाही. शेवटी पत्ता शोधून ते मॅडमच्या दारात उभे राहिले. मॅडमचे केस पिकले होते, पण त्यांनी लगेच ओळखलं आणि चहा टाकला. साबणरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तेव्हा कळलं असतं, तर पुन्हा चाचणी म्हणजे आठ दिवसांचं काम होतं. पण मला वाटलं, पहिल्या वेळी माझंच मोजमाप चुकलं. त्यानंतर मी कधी स्वतःवर भरवसा ठेवला नाही हो."

काय करावं ते न सुचून साबणरावांनी दोन्ही उष्टे कप उचलले आणि नळाकडे निघाले.

"राहू द्या, साबणराव," मॅडम हळूच म्हणाल्या. "आता काही धुऊ नका."