आमच्या ओळीतली जांभयांची साथ

आता ही फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसरं कोणी सांगेल तर तिखटमीठ लावेल, आणि तो मान माझा!

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले. आरोग्याचं काही छापलेलं दिसलं, की आधी वाचायची, मग गूळ काढायची.

त्या वर्षीचा नागपूरचा उन्हाळा! आमची घरांची अख्खी ओळ गच्चीवर झोपायची, गच्चीला गच्ची लागून. आणि दिवसा सगळी ओळ जांभया देतेय! शेजारच्या कुसुमची भाजी रोज करपायची. माझं डोकं निवडता निवडता सुपात. आमचे हे इतवारीत शिंपीकाम करायचे. डुलकीत त्यांनी गिऱ्हाइकाच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटाशी शिवून बंद केल्या! मालकानं बजावलं, "पुन्हा डुलकी लागली तं मशीन दुसऱ्याले देईन."

आता गप्प बसणारी मी आहे का? चौकशीच मांडली.

"काहून वं कुसुम, रात्री झोपत नाहीस का?"

"झोपते ना मावशी," म्हणत तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. हे घाईनं सुईत दोरा ओवू लागले.

ओळीत टवटवीत एकटी तुळसाबाई. म्हातारी, ठार बहिरी, पण सकाळी मोगऱ्यासारखी! तिच्या कानाशी ओरडले, "खाता काय तुम्ही?"

"आंबील!"

सापडलं! ज्वारीची आंबील गंजभर केली आणि घरोघरी उभी राहून पाजली.

दुपारी सगळी ओळ आडवी! ह्यांनी तर खिशाच्या जागी कॉलर लावली.

मग ह्यांना धरून दवाखान्यात नेलं. जांभया, आंबील, तुळसाबाई, सगळं मीच सांगितलं. डॉक्टर ह्यांना तपासू लागले, तशी मी पंख्याखाली बाकावर जराशी टेकले.

डोळे उघडले तर दवाखाना चिडीचूप. एका बाईनं लेकराचे कान झाकलेले!

डॉक्टर म्हणाले, "बाई, घोरताना तुमचा श्वास मधेच अडकतो. म्हणून तुमची झोप पुरी होत नाही. आणि ते घोरणं ऐकून बाकीच्यांची होत नाही."

मी ह्यांच्यावर कडाडले, "मग इतके दिवस बोलले काहून नाही तुम्ही?"

"तू झोपली का तुहा श्वास अडकते वं, अन् उठली का माहा!"

ह्यांचं मशीन वाचलं, कारण माझी खाट त्याच संध्याकाळी ओळीच्या पार टोकाच्या गच्चीवर, तुळसाबाईच्या खाटेला खेटून गेली. बहिरीला काय त्रास?

काही दिवसांनी तीही जांभई देत आली. "मले ऐकू तं काही येत नाही वं," ती म्हणाली, "पण खाट काहून हालून राहिली रातभर?"