रंगात रुतलेली चाकं

ताईच्या ट्रॅक्टरला तिचा धाकटा भाऊ ‘म्हातारी’ म्हणे आणि ताई स्वतः ‘बाईसाहेब’. यावरून दोघांचं अधूनमधून वाजायचं. त्यात यंदा भावाने नवा कोरा ट्रॅक्टर घेतला. दोघांच्या सामाईक शेतात त्याने नव्या यंत्राने रुंद ओळींत पेरणी केली, आणि रोपं वीतभर झाल्यावर ताईकडे येऊन अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, “तण वाढतंय. कोळपणी माझ्याच ट्रॅक्टरने करू, ताई. म्हातारीची मागची चाकं नेमकी रोपांच्या डोक्यावरून जातात. तिला आता आराम दे.”

आराम हा शब्द ताईला झोंबला. ट्रॅक्टरला आराम म्हणजे भंगारवाल्याच्या वाटेवरचा पहिला मुक्काम, हे तिने शेजारपाजारी पाहिलं होतं. या हंगामात बाईसाहेब शेडमध्ये बसल्या, की पुढच्या हंगामात त्यांना कोणी विचारणार नाही. आणि ताईला तरी कोण विचारणार?

“चाकं बाहेर सरकवते की,” ती म्हणाली. “तशी सोय आहे त्यांना.”

“असेल. पण तू कधी सरकवलीस?”

तिने ती कधीच सरकवली नव्हती.

“उद्या सकाळपर्यंत सरकली तर कोळपणी तुझी,” भाऊ म्हणाला. “नाहीतर माझी. आणि मग रुसायचं नाही.”

सोय खरंच होती. चाकाच्या रिमला आतून तिरक्या पट्ट्या होत्या, स्क्रूला आटे असतात तशा. नट ढिले करायचे, टायरपुढे ओंडका लावायचा, दुसऱ्या चाकाचा ब्रेक दाबायचा आणि इंजिनाच्या जोरावर आतली तबकडी फिरवायची. तबकडी फिरली की रिम पट्ट्यांवरून बाहेर सरकते. वडिलांनी तिला हे तोंडी सांगून ठेवलं होतं. ट्रॅक्टर चालवायलाही त्यांनीच शिकवलं. भाऊ तेव्हा रांगत होता आणि ताईचे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते, म्हणून तिच्या पाठीशी उशी बांधली होती.

ताईने नट सोडवले. त्यातच दुपार टळली. मग ओंडका लावून पहिला गिअर टाकला. बाईसाहेबांनी धुराचा एक लोट सोडला, सगळं अंग थरथरवलं आणि जागच्या जागी बंद पडल्या. चाकाच्या सांध्यांना डिझेल पाजून झालं, घण घालून झाला. भाऊ कुंपणावर टेकून बघत होता.

“गंजली असेल बिचारी,” तो म्हणाला.

“बाईसाहेबांना गंज?” ताई कडाडली. “दरवर्षी रंग देते मी त्यांना. तुझ्या लग्नात तुझ्या तोंडाला हळद लागली नसेल तेवढा.”

ते खरंच होतं. कापणी उरकली की ताई ब्रश घेऊन बसायची आणि नट, बोल्ट, पट्ट्या, फटी, जे दिसेल ते लाल करून सोडायची. रस्त्यावरचे लोक विचारायचे, नवा घेतला का? त्या एका प्रश्नावर तिचं वर्ष निघायचं.

ताईचा नवरा शिंपी. ट्रॅक्टरशी त्याचा संबंध सीटचं कव्हर शिवण्यापुरता. तो चहा घेऊन आला, चष्मा कपाळावर सरकवून चाकाशी वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

“अगं, यात शिवण कुठे आहे?”

“शिवण कसली?”

“दोन तुकडे जोडले की मध्ये रेघ दिसते. इथे दिसतच नाही. तू तर अख्खं चाक अस्तर लावून बंद केलंयस.”

ताईने बोट फिरवलं. पट्टी आणि तबकडी यांच्यात फट नव्हतीच. होता तो रंग, थरावर थर, दगडासारखा. बाईसाहेबांना तिनेच जखडून ठेवलं होतं, तेही लाड करता करता. कुंपणाकडून खोकल्यासारखा आवाज आला. भाऊ हसू दाबत होता.

“हसून घे,” ती म्हणाली, आणि पत्र्याची पट्टी घेऊन खरवडायला बसली.

रंगाच्या खपल्या पडू लागल्या. वरचा लाल, त्याखालचा जरा गडद लाल. मग नारिंगी: त्या वर्षी दुकानात लाल संपला होता आणि ती आठवडाभर दुकानदाराशी बोलली नव्हती. त्याखाली पुन्हा लाल, तिच्या लग्नाच्या वर्षीचा, घाईत मारल्यामुळे ओघळलेला. नवऱ्याने ती खपली उचलून खिशात टाकली. सगळ्यात खाली वडिलांच्या वेळचा राखाडी, आणि राखाडीखाली लोखंड.

भाऊ कुंपण सोडून जवळ आला. लोखंड चकचकीत होतं. कारखान्यातून कालच आल्यासारखं, गंजाचा ठिपका नाही.

“माझ्या नव्याच्या रिमला पहिल्याच पावसात तांबूस डाग पडले,” तो हळूच म्हणाला.

“ओंडका धर,” ताई म्हणाली.

तिने क्लच सोडला. कडकन आवाज झाला, उरलेला रंग तडकला, आणि तबकडी रिममध्ये फिरू लागली. चाक बोटाबोटाने बाहेर येताना ताई मान वळवून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही तोरा होता की नवऱ्याला हसू आलं. संध्याकाळपर्यंत दुसरंही सरकलं. नवऱ्याने गळ्यातली टेप काढून दोन्ही टायरमधलं अंतर मापलं, मग ओळींमधलं, आणि म्हणाला, “बाईसाहेबांचं माप बरोबर. ऑल्टर करायला नको.”

सकाळी बाईसाहेब शेतात उतरल्या. रोपं दोन्ही चाकांच्या मधून, अंग चोरून, निघून जात होती. मागून भाऊ एकेक ओळ वाकून तपासत येत होता. बांधाशी ताईने न वळताच विचारलं, “किती मोडली?”

“एकही नाही.” मग थोड्या वेळाने, “पण वळताना जपून हं, ताई.”

“तुला वळायला शिकवलं कोणी?”

“तूच.” त्याने हात झटकले. “उरलेलं शेतही तूच कर. माझ्याच्याने इतकं नेटकं व्हायचं नाही.”

तोवर ताईने बाईसाहेबांना पुढच्या ओळीत घातलंही होतं.