स्टार्टर कुठं आहे?

शिरूरच्या कोर्टात जामिनाचे अर्ज लिहून लिहून माझा हात असा बसलाय, की चहा संपेपर्यंत अर्ज तयार होतो. आरोपी कायमचा रहिवासी आहे, घरदार आहे, जमीन आहे, पळून जाणार नाही. मग पीक. आमच्याकडे पिकाचा मुद्दा घातल्याशिवाय अर्ज पुरा झाल्यासारखा वाटतच नाही. ‘उभा ऊस आहे, शेती बघणारं घरात दुसरं कोणीही नाही.’ वीस वर्षं मी हीच वाक्यं लिहीत आलो. ती चालायची, त्यामुळे मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी घोडनदीकाठच्या एका शेतकऱ्याचं प्रकरण माझ्याकडे आलं. त्यानं बायकोला पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यानं मारलं होतं. तिचा डावा हात मोडला. गुन्हा नोंदला गेला, पोलीस कोठडी संपून तो तुरुंगात गेला आणि त्याची थोरली बहीण दौंडहून मला भेटायला आली. ती तिथल्या एका शाळेत शिपाई होती.

“भाऊ हाय म्हणून आले,” ती म्हणाली. “पन त्यानं केलंय ते वाईटच केलंय.”

“ताई, हे कोर्टात बोलू नका,” मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला आवडलं नाही.

मॅजिस्ट्रेट मॅडम तरुण होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. फार प्रश्न विचारतात, अशी वकिलांच्या खोलीत कुरकुर होती आणि सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. त्या दिवशी त्यांनी आरोपीच्या बायकोलाही बोलावून घेतलं होतं. प्लास्टरचा हात पदराखाली घेऊन ती मागच्या बाकावर बसली होती.

मी उभा राहिलो. तपास पुरा झालाय, पाइप जप्त झालाय, गुन्हा अजून शाबीत व्हायचाय आणि खटल्याआधीचा तुरुंग ही शिक्षा होऊ नये. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, मॅडमनी मान हलवून सगळं ऐकून घेतलं. मग मी माझा हुकमी ऊस काढला. पाण्यावाचून पीक वाळेल, मोटार चालू करायलासुद्धा घरात दुसरं कोणी नाही, असं जरा गळा काढूनच म्हणालो.

“मोटारीचा स्टार्टर कुठं आहे?” मॅडमनी विचारलं.

मी अर्जाची पानं चाळू लागलो. खरं तर मला कळायला हवं होतं. आमच्या भागात मळ्यातल्या केबली आणि स्टार्टर चोरीला जातात, म्हणून लोक स्टार्टर घरातच बसवतात. माझ्या स्वतःच्या मळ्यातला घरातच आहे. पण अर्ज लिहिताना वकील शेतकरी राहत नाही.

मॅडमनी मागच्या बाकाकडे पाहिलं. ती बाई उठली. “माझ्या सैपाकघरात हाय, मॅडम. तव्याच्या मागच्या भिंतीला.”

“म्हणजे पिकाला पाणी द्यायचं तर आरोपीनं यांच्या स्वयंपाकघरात जायचं,” मॅडम मला म्हणाल्या. “लाइट येईल तेव्हा. रोज. वकीलसाहेब, तो पळून जाणार नाही हे तुम्ही छान लिहिलंय. इथं भीती तो घरी येईल याची आहे.”

मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तरी मी हटेना. काही दिवस बाईंनी माहेरी जावं, मी सुचवलं. हेही आमचं ठरलेलं वाक्य.

“घर कुणीतरी सोडायचंच असेल, तर ज्यानं मारलं त्यानं का सोडू नये?” त्यांचा आवाज जराही चढला नाही. मग त्यांनी त्या बाईला विचारलं, “त्यांना गावात यायला बंदी केली, तर मोटारीचं काय कराल?”

“मी करीन की चालू.” बाईनं प्लास्टर पदराबाहेर काढलं. “एकच हात मोडलाय, मॅडम. बटन दाबाया एक बोट पुरतंय.”

मला जाऊन तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी तिच्या विरुद्ध बाजूचा वकील होतो.

तेवढ्यात बहीण कठड्याजवळ आली. “त्याला माझ्याकडं दौंडला ठिवा. जामीन मी ऱ्हाते. गावाकडं गेला तर मीच पोलिसात सांगीन.” मी तिला जे बोलू नका म्हटलं होतं, त्याच सुरात ती बोलली आणि तेच उपयोगी पडलं.

जामीन झाला. त्यानं दौंडला बहिणीकडे राहायचं, दर सोमवारी तिथल्या पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, गावात पाऊल टाकायचं नाही, बायकोला फोन नाही, कुणाच्या तोंडी निरोपही नाही. मोडलं तर जामीन रद्द होईल. हे सगळं मॅडमनी त्या बाईला सावकाश, सोप्या मराठीत वाचून दाखवलं, तिला आदेशाची प्रत दिली आणि कोणती अट मोडली तर कुणाकडे जायचं, हे तिच्याच तोंडून वदवून घेतलं. वीस वर्षांत मी एवढा नेटका जामीन पाहिला नव्हता. वकिलांच्या खोलीतली माझी कुरकुर त्या दिवसापासून बंद झाली.

त्यानं अटी पाळल्या, म्हणजे बहिणीनं पाळायला लावल्या. चार महिन्यांनी तारखेला तो व्हरांड्यात मला भेटला. वाळला होता. लांबवर, पोलीस बाईजवळ, त्याची बायको बसली होती. प्लास्टर निघालं होतं. तिच्याशी बोलायची त्याला बंदी, म्हणून त्यानं मलाच विचारलं.

“सायेब, ऊस पार वाळला आसंल न्हाई?”

“नाही. माणसाच्या वर गेलाय म्हणतात.”

तो चक्रावला. “मग मोटार कोन चालू करतंय?”

“त्या करतात.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “तिला येतं व्हय?”

बारा वर्षं ते बटण तिच्या तव्यापासून दोन हातांवर होतं. माझ्या जिभेवर जळजळीत उत्तर आलं होतं, पण मी ते गिळलं. ‘घरात दुसरं कोणीही नाही’ हे वाक्य काही त्यानं लिहिलेलं नव्हतं. त्याखाली सही माझी होती.