पाचपैकी चार

बारावीच्या मराठीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दुपारी एकच्या आत मॉडरेटरकडे पोचवायचा होता आणि नेमकी त्याच सकाळी माझी स्कूटर बंद पडली. तो गठ्ठा घेऊन गर्दीच्या बसमध्ये उभं राहणं पटेना. बायकोने माझ्या मोबाइलवर ॲप टाकलं आणि मानेवाड्याला आमच्या दारात गाडी बोलावून दिली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा असल्या गाडीत बसणार होतो.

मी पुढचं दार उघडलं. भिवापूरकडे काळीपिवळी जीपमध्ये मास्तरांना ड्रायव्हरशेजारची जागा देतात, त्या सवयीने.

"मांग बसा न सर, आरामात," चालक म्हणाला. पन्नाशीचा असेल. "नाही तर बसा इथंच. मलेही बोलाले कोणी पाहिजे."

गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो. त्याने एकदा तिकडे पाहिलं.

"पेपर हायेत काय? पास करून टाका सर पोट्ट्याइले. तुमच्या घरचं काय जाते?"

"असं कसं? मार्क कमवावे लागतात."

"लय कडक दिसता तुम्ही."

मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी त्याला सांगत सुटलो. आई मिरच्या वाळवतात त्या सातऱ्यावर देठं खुडायला जायची. घरात पदवी घेतलेला मी पहिला. आमचे शाळेतले सर भाषेच्या पेपराला पैकीच्या पैकी कधीच देत नसत. पूर्ण मार्क दिले की पोरगं तिथंच थांबतं, असं ते म्हणायचे. त्यांच्यामुळेच मी इथवर आलो, आणि तोच नेम मी आजवर पाळला.

"मलेही मार्क भेटतेत न सर," तो म्हणाला. "माणूस उतरला का तारे देते, पाचपैकी. मागच्या महिन्यात दोघातिघाइनं खराब देऊन टाकले. एकाले एसी कमी वाटला. एकाले मी पोरीचा फोन उचलला म्हणून राग आला. आता अजून एक खराब आलं का आयडी बंद. म्हणजे गाडी दारात उभी अन् मी घरात."

"अशी कशी बंद करतील? कोणाला तरी विचारता येत असेल ना."

"कोणाले विचारता? कळमेश्वरच्या कारखान्यातून काढलं, तवा साहेबाच्या केबिनीसमोर जाऊन बसता तरी आलं. इथं साहेबच नाही."

"माझ्याकडून काळजी करू नका," मी म्हणालो. ते मी मनापासून म्हणालो होतो.

या बोलण्यात अजनीजवळचं वळण त्याच्याकडून सुटलं. मोठा फेरा पडला, दहा मिनिटं गेली. "गप्पाइत चुकलो सर, माफ करा," तो दोनदा म्हणाला. तरी आम्ही एकच्या आत पोचलो.

उतरल्यावर मोबाइलवर पाच रिकामे तारे आले. मी ते एखादं उत्तर तपासावं तसे पाहिले. वागणं चांगलं. गाडी स्वच्छ. हात सावध. रस्ता मात्र चुकला. चार. म्हणजे ऐंशी टक्के. मी स्वतः बी.ए.ला एकसष्ट टक्क्यांनी पास झालो, तेव्हा आईने गल्लीभर साखर वाटली होती. ऐंशी टक्के मी वर्षाकाठी दोन-तीन पोरांनाही देत नाही. बटण दाबलं आणि कौतुकाने मोबाइल त्याच्यासमोर धरला.

त्याने मान पुढे करून पडद्यावरचे तारे मोजले.

"काहून सर?"

"चार दिलेत. डिस्टिंक्शन आहे."

"आमच्यात चार म्हणजे नापास," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "पाच नसन तर मशीन खराबच समजते. वापस घेता येते काय, पाहा बरं."

आम्ही दोघांनी मिळून तो मोबाइल उलटापालटा केला. दिलेलं परत घेता येत नव्हतं.

"जाऊ द्या. तुमचा टाइम होऊन राहिला," असं म्हणून त्याने गाडी सुरू केली.

संध्याकाळी मी कंपनीला अर्ज लिहायला बसलो. महोदय, सदर चालकाचे वर्तन अत्यंत उत्तम होते, चार तारे माझ्या अज्ञानातून दिले गेले, कृपया ते पाच करावेत. जन्मभर मुलांना अर्जलेखन शिकवलं, त्यामुळे मजकूर चांगला उतरला. पण पाठवण्याआधी ॲपने कारण निवडायला लावलं. गाडी अस्वच्छ, जास्त भाडं, चालकाचं वर्तन. चूक माझी आहे, असं कारण त्यात नव्हतं. अर्ज वर्तनाबद्दलच होता, म्हणून मी ते निवडलं.

मिनिटभरात इंग्रजीत उत्तर आलं. मी ते दोनदा वाचलं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, चालकाच्या वर्तनाविरुद्धची आपली तक्रार नोंदवली आहे, योग्य ती कारवाई होईल.

ही तक्रार नाही, असं घाईघाईने लिहू लागलो, तोवर खाली आणखी एक ओळ आली. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. त्यानंतर तिथे अक्षरही उमटेना.