डाव्या चाकाचं वंगण

आमची गाडी मोडली ती रस्त्यात नव्हे. घरच्या अंगणात, उभ्या जागी मोडली, आणि मोडायच्या आधी तिला काहीही झालेलं नव्हतं. ही गोष्ट सांगायला बसले की अजूनही माझं डोकं तापतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही देवपूरला राहायचो. पांझरा नदीपलीकडे धुळे शहर, अलीकडे आम्ही. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. त्यांची कापसाची शेती होती आणि आमचे हे शाळेत शास्त्र शिकवायचे. सासूबाई मी घरात येण्याआधीच गेलेल्या. धाकटी नणंद तेव्हा परकरात होती. तिची वेणी मी घातली, तिला शिवण मी शिकवलं, तिच्या लग्नात तिच्यापेक्षा जास्त मी रडले. पिंपळनेरच्या शेतकरी घरात तिला दिली होती, आणि त्या उन्हाळ्यात तिला सातवा महिना होता.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. पण सातव्यात आणलं तर आणलं. आठवा लागला की पोरीला वेस ओलांडू देत नाहीत. तिच्या सासूनं निरोप धाडला होता, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत येऊन न्या, नंतर आम्ही पाठवणार नाही. आणि एसटीच्या धक्क्यांत पाठवणार नाही, तुमच्या दारी गाडी आहे ती घेऊन या.

गाडी होती खरी. धुळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्यानं नवी घेतल्यावर त्याची जुनी अमेरिकन गाडी आबांनी घेतली होती. पण माझा जीव टांगणीला लागला होता तो मानापानासाठी नव्हे. पिंपळनेरच्या त्याच घरात आदल्या वर्षी नणंदेची जाऊ बाळंतपणात गेली होती. दोन रात्री ती अडली होती. डॉक्टर आणायचा विषय कुणी काढला नाही, कारण त्यांच्याकडे बाया घरीच बाळंत होतात. नणंद ते सगळं उंबऱ्यात बसून बघत होती. दिवाळीला आली तेव्हा तिनं मला एवढंच सांगितलं आणि पुन्हा त्यावर बोलली नाही. मी धुळ्याच्या दवाखान्यात तिचं नाव घालून ठेवलं होतं. आता फक्त तिला आणायचं राहिलं होतं.

आखाजीला चार दिवस असताना आबांनी फर्मान काढलं, चाकं काढा.

यांनी विचारलं, "कशाला?"

"वंगण घालाले," आबा म्हणाले. "लांब जानं शे. चाक काढीसन वंगण घालनं पडस."

बैलगाडीचं तसं असतं. लांबच्या गावाला जायचं तर आदल्या दिवशी चाक उतरवून आसाला वंगण घालतात, आणि लेकीला आणायला निघालेली गाडी वंगणाशिवाय गेली तर ते अशुभच मानतात. यांनी सांगून पाहिलं की मोटारीचं वेगळं असतं. आबा म्हणाले, "गाडी ती गाडी. मनी लेकले आनाले जानं शे." यापुढे कोण बोलणार? हे चाळीस पोरांना विज्ञान शिकवायचे आणि बापापुढे गप्प बसायचे.

उजव्या बाजूची दोन्ही चाकं नीट उतरली. वंगण नेमकं कुठे घालायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. आबांनी दिसेल त्या फटीत बोटानं घातलं आणि समाधानानं हात पुसले. मग मोर्चा डावीकडच्या पुढच्या चाकाकडे वळला. तिथला नट काही हलेना. यांनी पान्याच्या दांड्यावर पाण्याच्या पाइपाचा लांब तुकडा चढवला आणि त्यावर जोर दिला. तड असा आवाज झाला. नट सुटला असं वाटून आबा हसले. नट सुटला नव्हता. ज्यावर तो बसतो तो स्टड, म्हणजे आटे पाडलेला खुंटाच, मुळातून तुटून नटासकट हातात आला होता.

इथे थांबायला हवं होतं. पण आबा म्हणाले, गंजला असेल. मग दुसऱ्यावर रॉकेल ओतून वाट पाहिली, आणि पुन्हा जोर लावला. तोही तुटला. तिसऱ्याच्या वेळी पाइपावर स्वतः आबा उभे राहिले, आणि त्यांच्या वजनापुढे कुठलंही लोखंड टिकणं अवघडच होतं.

मी चुलीपुढे सांजोऱ्यांसाठी रवा भाजत होते. तिसरा आवाज ऐकून कढई उतरवली आणि बाहेर आले. जमिनीवर तीन तुकडे पडलेले, हे घामानं निथळलेले, आबा पाइपाकडे बघत उभे. माझा संताप झाला. मी म्हटलं, "दोन राहिलेत ना? आता उलटे फिरवून तेही तोडा, म्हणजे एकदाचे मोकळे व्हाल."

यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि रागातच पाना उलटा फिरवला. नट एखाद्या बरणीच्या झाकणासारखा सुटून आला. पुढचाही तसाच. त्या गाडीचे डाव्या बाजूचे नट उलटे फिरायचे, हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणजे दोघं मघापासून जे सोडवत होते ते आवळतच होते. एरवी मी यावर महिनाभर चिडवलं असतं. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही. मागच्या डाव्या चाकाच्या वंगणाचा विषय आबांनी पुन्हा काढला नाही.

हे सायकल काढून पूल ओलांडून धुळ्याला गेले. आग्रा रोडवरच्या मोटार-मिस्त्रीची माणसं आखाजीला गावी गेलेली. तो म्हणाला, उलट्या आट्यांचे स्टड मुंबईहून मागवावे लागतील, सणानंतर बघू, आणि दोन नटांवर गाडी रस्त्यावर काढू नका. मी एसटीनं जाऊन नणंदेच्या सासूच्या पाया पडते म्हटलं. हे म्हणाले, "पाया पडून ती एसटीत बसू देणार आहे का?" ते खरं होतं. दुसऱ्या सकाळी ते एसटीनंच, पण उलट दिशेला, जळगावला गेले. तिथं मोटारींच्या भंगाराचा एक व्यापारी असल्याचं मिस्त्रीनं सांगितलं होतं.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. सांजोऱ्यांचा एक घाणा जाळला. गल्लीत लेकी माहेरी येत होत्या. शेजारच्या कडुनिंबाला झोका टांगला होता आणि आखाजीची गाणी चालली होती. मला ती ऐकवत नव्हती. अंगणात गाडी एका बाजूला दगडांवर टेकलेली, आणि आबा तिच्याकडे पाठ करून बसलेले. दुपारी जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक नही. मग मला म्हणाले, "लेकले काही व्हवाले नको म्हनीसन वंगण घाली राह्यंतू, बेटी." मला त्यांचा राग येत होता आणि पोटात तुटतही होतं. मी ताट त्यांच्यापुढे ठेवून आत गेले.

हे परतले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तीन स्टड आणले होते, नटांसकट, पण साध्या आट्यांचे. उलटे मिळालेच नाहीत. डाव्या चाकाचे नट उलटे का ठेवतात, ते भंगारवाल्यानं यांना सांगितलं होतं. चाक फिरता फिरता साधा नट आपोआप सैल होऊ शकतो, म्हणून. हे त्यांनी मला सांगायला नको होतं. पण शास्त्राचे मास्तर, त्यांना राहवलं नाही.

मग दोघं कामाला लागले. मधली टोपी काढली, पिन काढली, मोठा नट सोडवला, आणि चाक ज्यावर बसतं तो ब्रेकचा सगळा ड्रम ओढून बाहेर घेतला. तुटक्या स्टडांची बुडं हातोड्यानं ठोकून मागून पाडली. नवे मागून घालायचे, पुढून वॉशरांची चळत चढवायची आणि नट आवळत न्यायचा, म्हणजे स्टड ओढला जाऊन भोकात घट्ट रुततो. दोन तसे बसले. तिसरा भोकात ढिला होता. नट आवळला की त्याच्याबरोबर तोही गोल फिरायचा. यांनी ड्रम पुन्हा काढला, चहाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी त्या स्टडाभोवती गुंडाळली आणि ठोकून बसवला. मी कंदिलाची काच पुसत उभी होते. मी विचारलं, "हा टिकेल?"

"टिकायला पाहिजे," हे म्हणाले.

टिकेल म्हणाले नाहीत, हे मी ऐकलं.

आखाजीच्या आदल्या सकाळी आम्ही दोघं निघालो. कुठला नट कुठे फिरतो त्याचा पुन्हा घोळ नको म्हणून मी तीन नव्या नटांवर गेरूचं बोट लावलं होतं. हे गाडी हळू चालवत होते, पण मला ती उडत चालल्यासारखी वाटत होती. माझी जागा डावीकडे, बरोबर त्या चाकाच्या मागे. सारं लक्ष पायाखाली. खडखडलं की मी दाराची मूठ आवळायचे, आणि खडखडलं नाही तर का खडखडत नाही म्हणून आवळायचे. कुसुंब्याला थांबून यांनी पाना लावला. पत्रा घातलेल्या स्टडाचा नट थोडा फिरला. नेरला पुन्हा फिरला. साक्रीला दुसराही एक जरासा सैल झालेला. जाताना गाडीत आम्ही दोघंच होतो. येताना तिसरी असणार होती, आणि तिच्या पोटात चौथं.

पिंपळनेरला पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. तिच्या सासूनं पायावर पाणी घातलं, गूळपाणी दिलं आणि म्हणाली, "आखाजी सकाय शे. आज उनात म्हनीसन धाडस. सकाय उनात ते धाडतू नही." म्हणजे आज आलात म्हणून पाठवते, उद्या आला असतात तर पाठवली नसती. मग दाराबाहेर गाडीकडे बघून यांना विचारलं, "गाडी ते नीट शे ना? दोन जीवनी बाई शे."

"एकदम नीट," हे म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर ती पोर तिथंच राहिली असती. खोटं निभावलं तर तिला त्या चाकामागे बसवायचं होतं. दोन्हीकडे मीच तिचा जीव धोक्यात घातल्यासारखं वाटत होतं, आणि तिला तर कुणी विचारलंच नव्हतं.

जेवणं झाल्यावर नणंद आतल्या खोलीत लुगडी बांधत होती. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. स्टड तुटल्याचं, नवे आटे चुकीचे असल्याचं, पत्र्याचं, येताना तीनदा नट सैल झाल्याचं. चाक निघूही शकतं असं स्पष्ट म्हटलं. "तू नको म्हणालीस तर मी काहीतरी कारण काढते," मी म्हटलं. "तुझ्यावर काही येऊ देणार नाही."

ती लुगड्याची घडी करत राहिली. मग तिनं गाठोड्याची गाठ मारली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वहिनी, चाक निंघनं ते रस्तावरच निंघी ना? रस्तावर चार मानसं धाई येतीन. आठे या घरमा मी रातभर वरडनू ते कोन येवाव शे?"

मी गाठोडं उचललं.

ओटी भरली, नमस्कार झाले, आणि आम्ही निघालो. तिला मी मागे उजवीकडे बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. गाव मागे पडल्यावर तिनं पाय वर घेतले, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि बघता बघता तिचा डोळा लागला.

पुढे तिचं बाळंतपण धुळ्यात झालं, अवघड गेलं, पण दोघंही सुखरूप घरी आले. ते सगळं आता मला एकत्र, धूसर आठवतं. तो रस्ता मात्र जसाच्या तसा आठवतो. हे दर थोड्या वेळानं गाडी थांबवायचे, दार आपटायचं, नटावर पाना खणकायचा, आणि पुन्हा निघायचो. माझी मांडी बधिर झाली होती, पण पाय हलवायचा धीर होत नव्हता. ती मात्र तोंड थोडं उघडं ठेवून, लहान असताना झोपायची तशी गाढ झोपली होती. देवपूरच्या दारात गाडी उभी राहिली आणि आबा कंदील घेऊन बाहेर आले, तरी तिला जाग आली नाही.