बोल्सच्या हिरवळीकाठची खोली

लंडनच्या हॅरो उपनगरातला तो हिवाळा आठवला की आधी धुकं दिसतं, आणि त्या धुक्यातून सावकाश चालत येणाऱ्या, राखाडी कोटातल्या एक ठेंगण्या बाई. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांचा जन्म मुंबईचा, मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातला. तरुणपणी लंडनला येऊन त्या नर्स झाल्या आणि तिथेच निवृत्त झाल्या. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेली, सॉफ्टवेअरवाली. आमची ओळख झाली ती लायब्ररीत. मी कोपऱ्यात उभी राहून आईशी फोनवर हळूच बोलत होते. फोन ठेवला तेव्हा शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "वाल किती वेळ भिजवायचे ते नाही विचारलंस, बाय."

त्या वर्षी आमच्या वॉर्डात कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीसाठी पक्षाला उमेदवार निवडायचा होता, आणि मावशींनी नाव दिलं होतं. समोर एक तरुण वकील होता. उंच, देखणा, भरदार आवाजाचा. निवड पक्षाचे स्थानिक सदस्य करणार होते. त्याआधी दोघांना समोरासमोर आणून प्रश्न विचारायच्या दोन सभा व्हायच्या. तिकडे त्यांना हस्टिंग्ज म्हणतात. पक्षाच्या स्थानिक शाखेच्या सेक्रेटरींनी तोडगा काढला: एका सभेची जागा त्याने ठरवायची, दुसरीची मावशींनी. मीही मावशींच्या नादाने पक्षाची सदस्य झाले होते, पण फार नवी असल्यामुळे मला मत नव्हतं. म्हणून मी त्यांची सल्लागार झाले.

वकिलाने लगेच शाळेचा मोठा हॉल सांगितला. स्टेज, माइक, दिवे, सगळं असलेला. आमचे मात्र कितीतरी शनिवार जागा बघण्यात गेले. ते शनिवार आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. चर्चच्या हॉलला ओल्या लाकडाचा वास होता. पबच्या वरच्या खोलीत खालचं हसणं जमिनीतून झिरपत वर यायचं. प्रत्येक ठिकाणी मावशी सर्वांत मागच्या खुर्चीत जाऊन बसायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आता बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मराठीत बोल."

मग मी त्या रिकाम्या खोल्यांना डेक्कनवरून घरी जाणाऱ्या बसचे थांबे सांगायचे, नाहीतर आईच्या आमटीची कृती. मावशी हसऱ्या चेहऱ्याने ऐकत राहायच्या. कधीकधी वाटायचं, जागा बघणं हे नुसतं निमित्त आहे.

मी एकदा सुचवलं, "मंदिराचा हॉल घेऊ या का? तिथे आपली माणसं येतील."

मावशी चालता चालता म्हणाल्या, "आपली म्हणजे कोणाची गं? मंदिरात मला बघून लोक म्हणतील, ही ज्यू. सिनेगॉगच्या हॉलमध्ये म्हणतील, ही इंडियन. मला अशी जागा दे, जिथे मी फक्त पुढच्या गल्लीत राहणारी बाई असेन."

ती जागा शेवटी सापडली. म्हातारी माणसं पांढऱ्या कपड्यांत हिरवळीवर जड चेंडू घरंगळवत नेतात, त्या बोल्सच्या मैदानाकाठी एक बुटकं क्लबघर होतं. कमी उंचीचं छत, तीन बाजूंना काचा, बाहेर दवाने पांढरी झालेली हिरवळ. स्टेज नव्हतंच. मावशींनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे खुर्च्या गोल मांडायच्या. उमेदवारांनीही त्यातच बसायचं. उभं राहायचं नाही."

मला डाव कळला. "म्हणजे त्याची उंची गेली, आवाज गेला."

"हॉस्पिटलच्या वॉर्डात मी कधी आवाज चढवला नाही. हळू बोललं की पेशंट जवळ येतो."

शाळेच्या हॉलमधली सभा आम्हांला जड गेली. माइक मावशींच्या हनुवटीच्या वर राहिला आणि त्यांची वाक्यं पुढच्या दोन रांगांतच विरून गेली. वकिलाला टाळ्या मिळाल्या. परतताना मावशी एवढंच म्हणाल्या, "छान बोलतो पोरगा."

क्लबघरातली सभा रविवारी दुपारी होती. बाहेर धुकं काचेला टेकलं होतं, आत चहाची वाफ होती, आणि सगळं जग त्या एका गोलाएवढंच उरल्यासारखं वाटत होतं. मावशी हळू बोलल्या आणि ठरवल्याप्रमाणे माणसं पुढे झुकली. मी चहाच्या टेबलापाशी उभी होते. मनातल्या मनात आम्ही जिंकलो होतो.

मग एका बाईंनी वृद्धांच्या डे सेंटरबद्दल विचारलं. ते बंद होणार अशी कुजबुज होती. वकील सवयीने उठायला गेला, आठवलं तसा पुन्हा बसला. कागद चाळले आणि मांडीवर पालथे ठेवले. "माझी आई तिथे जाते," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा खाली आला होता की मी कप ठेवायची थांबले. "तिला आता माझं नाव आठवत नाही. पण तिथे एक पियानो आहे, तो ती वाजवते. ते बंद झालं तर ती आणखी कुठे वाजवेल, मला माहीत नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणीतरी रुमाल काढला. मी मावशींकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे पाहत होत्या, डोळे मिटून नव्हे, चांगले उघडे ठेवून.

मतं तिथेच दिली गेली. थोडक्या मतांनी तो जिंकला.

घरी जाताना मला राहवलं नाही. "मावशी, आपणच निवडलेल्या खोलीने आपल्याला हरवलं."

"स्टेजवर असता तर हे बोलला असता का तो?" त्यांनी माझ्या कोटाच्या बाहीला धरलं होतं, रस्ता निसरडा होता. "मला वाईट वाटतंय. खोटं कशाला सांगू? पण खोली चांगली होती."

पुढच्याच आठवड्यात वकील त्यांच्या दारी आला, प्रचाराला याल का विचारायला. मावशींनी त्याला आधी जेवायला बसवलं. वसंत ऋतूत तिघं मिळून आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर चेरीच्या पाकळ्या पडायच्या.

मतदानाच्या दिवशी मावशी मला प्राथमिक शाळेत घेऊन गेल्या. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे मला इथे मत आहे, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. दोरीला बांधलेल्या शिसपेन्सिलीने मी फुली मारली. पुण्यात बोटाला शाई लागायची; तिथे बोट कोरंच राहिलं, आणि बाहेर आल्यावर मी ते उगाच उन्हात धरून पाहिलं. तो निवडून आला. डे सेंटर निदान मी हॅरोत होते तोवर तरी चालू होतं, आणि मावशी मंगळवारी तिथे चहा वाटायला जात.